सायकलवर बसून पेडगावला

वेड पांघरून पेडगावला जाणारे महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. काहीही काम नसताना, सायकलवर बसून, वाटेत चार ठिकाणी थांबत पेडगावला जायचं म्हणणारी माणसं मात्र श्रीगोंदा तालुक्यात अजून मोजकीच, आणि लोक त्यांनाही पहिल्या प्रकारातलीच समजतात.

पुढच्या संवादातले मामा, मामी आणि भाची माझ्या कल्पनेतली आहेत. पण श्रीगोंद्यात दोन-चार ओट्यांवर बसून चहा प्यायलेल्या कोणालाही ती ओळखीची वाटतील. मामा साठी ओलांडलेले, हाताचे मिस्त्री. एके काळी त्यांच्या दुकानात तासाच्या भाड्यानं सायकली मिळायच्या. पाटीवर अजून ‘सायकल मार्ट’ आहे, आत मात्र मोटारसायकलच्या ट्यूबा टांगलेल्या. भाची पुण्यात वाढलेली, इंग्लंडमध्ये बाथ नावाच्या गावाजवळ नर्सची नोकरी करते. डिसेंबरात सुट्टीवर आली आहे. तिचा बेत साधा: पहिल्या दिवशी पेडगाव, दुसऱ्या दिवशी सिद्धटेक, तिसऱ्या दिवशी जमेल तितकं कॅनॉलच्या कडेनं परत. इंग्लंडमध्ये ती सुट्टी मिळाली की असंच करते. गल्लीबोळांतून, शेतांच्या कडेनं, दिवसाला वीस-तीस मैल.

मामांनी तिच्यासाठी दुकानामागची जुनी लेडीज सायकल काढली आहे. सायकल उलटी करून मागचा टायर उतरवतायत. बोलणं सुरू आहे.

मामा : पेडगावात कोण हाय आपलं?

भाची : कोणी नाही.

मामा : मग?

भाची : मग काही नाही. किल्ला बघायचा, नदीवर बसायचं, संध्याकाळी पुढं सरकायचं.

मामा : किल्ला बघायला गाडी हाय की. पोराला सांगतो, अर्ध्या तासात नेऊन सोडंल.

भाची : अर्ध्या तासातच नकोय मला.

मामा : म्हणजे वेळ घालवायला सायकल! अगं, आम्ही वेळ वाचवायला घेतली व्हती सायकल.

या एका वाक्यात मामांनी निम्मा वाद जिंकला, असं मला वाटतं. आपल्याकडे सायकल आली ती पायी चालण्याच्या जागी. शाळा चार कोस, बाजार पाच कोस, स्टेशन त्याहून लांब. श्रीगोंदा रोड नावाचं स्टेशन आहे खरं, पण त्यातला ‘रोड’ प्रवाशाला तुडवावा लागतो. अशा मुलखात सायकल म्हणजे वाचलेला दिवस. लग्नात हुंड्याच्या यादीत घड्याळाच्या शेजारी सायकल लिहिली जायची. ती सासऱ्यानं कबूल करून दिली नाही म्हणून रुसलेले जावई मामांच्या पिढीनं पाहिलेत.

मामा : दुधाचे क्यान दोन्ही बाजूला, मागं कॅरिअरवर पेंडीचं पोतं, नळीवर पोरगं. अशी चालायची सायकल. तुझा बाप पयल्यांदा तुझ्या आईला बघायला आला तो काष्टीपासनं डबलसीट आलता, आणि अर्ध्या रस्त्यात चेन पडली. तेल लागलेल्या हातानं पोहे खाल्ले त्यानं. त्याला इचार, मजा आली का म्हणून.

भाची : बाबा ती गोष्ट अजून सांगतात. हसत सांगतात.

मामा : इतक्या वर्सांनी हसतोय. त्या दिवशी नव्हता हसत.

ट्यूब निघाली. मामांनी हवा भरून ती घमेल्यातल्या पाण्यात बुडवली आणि बोटाबोटानं सरकवत नेली. व्हॉल्व्हपासून वीतभर अंतरावर बारीक बुडबुड्यांची रेघ वर आली. त्यांनी जागा अंगठ्यानं दाबली, फडक्यानं कोरडी केली, पेन्सिलीची खूण केली आणि कानस मारायला घेतली. हे सगळं तिच्याकडे बघतच चाललं होतं, ट्यूबकडे बघायची त्यांना गरज नव्हती.

भाची : मामा, तिकडेही ती कामाचीच वस्तू होती. पण तिकडच्या कारकुनांनी, दुकानातल्या पोरांनी रविवारी ती बाहेर काढली. 1878 साली हॅरोगेटला सायकलवरून भटकणाऱ्यांचा क्लब निघाला. वाटेत मुक्कामाला कुठली खाणावळ चांगली, कुठं चढ आहे, कुठं सायकल दुरुस्त होते, सगळं ते एकमेकांना कळवायचे. तो क्लब अजून आहे.

मामा : 1878 ला हितं काय व्हतं?

हितं काय होतं ते मी सांगतो, कारण भाचीला ते ठाऊक असायचं कारण नाही. त्याच 1878 साली दौंड-मनमाड रेल्वे सुरू झाली. विसापूर, बेलवंडी, काष्टी ही नावं स्टेशनांवर लागली. त्याआधीची दोन वर्षं दुष्काळाची. म्हणजे हॅरोगेटची माणसं हौसेनं चाकावर बसत होती, तेव्हा भीमेकाठची माणसं पोटापाठी पाय ओढत होती. नुसती तारीख जुळली म्हणून दोन मुलखांची तुलना करणं बरोबर नाही, पण मामांच्या डोक्यात जी तेढ आहे ती अशी जुनी आहे.

मामा : तिकडच्या कारकुनाला पैका व्हता.

भाची : पैका नव्हता, सुट्टी होती. वेल्स नावाच्या लेखकाची 1896 सालची कादंबरी आहे, ‘द व्हील्स ऑफ चान्स’. तिचा नायक कापडदुकानात कापड फाडून देणारा नोकर. दहा दिवसांची सुट्टी मिळते, सायकल धड चालवता येत नाही, गुडघे फोडून घेतो, आणि तरी निघतो. दोन वर्षं आधी बर्मिंगहॅमला समाजवादी मंडळींनी ‘क्लॅरियन’ नावाचा सायकल क्लब काढला होता. कामगार लोक सुट्टीच्या दिवशी खेड्यांतून सायकली फिरवायचे आणि पत्रकं वाटायचे. ही काही सरदारांची हौस नव्हती.

मामी : (गोठ्यातून) सुट्टी म्हणलीस ना, तिथंच गाडी अडली. या दोन गायांना सांग रविवार कधी असतो ते.

मामी मध्येच बोलल्या आणि वादाचा काटा हलला. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती 1890 च्या जूनमध्ये, नारायण मेघाजी लोखंडे यांनी काही वर्षं नेटानं मागणी लावून धरल्यावर. त्या रविवारातून मुंबईत कायकाय उगवलं: कुस्तीचे फड, भजनी मंडळं, नाटकं, चौपाटीवरची चक्कर. शेतकऱ्यासाठी असा लोखंडे झाला नाही, आणि होणार तरी कसा? संकरित गाय पहाटे पाचला आणि संध्याकाळी पाचला धार मागते. डेअरीचं संकलन केंद्र त्याच वेळेला उघडतं आणि त्याच वेळेला बंद होतं. श्रीगोंदा तालुक्यात ऊस आहे, लिंबू आहे, कांदा आहे, पण घरात रोजचा पैसा येतो तो दुधाचा, आणि दुधाला दाराला कुलूप लावून दोन दिवस गावाला जाणं मंजूर नाही. मामी गेल्या कित्येक वर्षांत मुक्कामाला माहेरी गेलेल्या नाहीत. भाचीची सहल तीन दिवसांची आहे, हे ऐकून त्यांना सायकलचं आश्चर्य वाटलं नव्हतं, तीन दिवसांचं वाटलं होतं.

भाची : मग मी इथल्यांसारखं जगत नाही म्हणून फिरूही नये का?

मामी : फिर की. मी कुठं नको म्हणते? फक्त यांना ‘तुम्ही पण चला’ म्हणू नकोस, धार काढायला मी एकटीच राहते.

मामांनी सोल्युशन लावून ते सुकायला ठेवलं. सुकेपर्यंत पॅच चिकटवायचा नसतो. घाई करणारी पोरं तिथंच फसतात आणि पाच मैलांवर परत सायकल हातात धरून चालतात. तेवढ्या रिकाम्या वेळात त्यांनी बिडी काढली आणि वादाची दुसरी बाजू.

मामा : पंढरपूरला लोक जातात सायकलवर. नाशकाहून शेकड्यानं येतात, नगरवरून पुढं जातात, सगळ्यांच्या अंगात एकसारखे टीशर्ट. त्यांचं मला पटतं. इठोबा हाय तिथं. पायी गेला काय, सायकलवर गेला काय, कारण हाय. तुझं कारण सांग.

भाची : सिद्धटेकला गणपती आहे.

मामा : गणपतीला चाललीस का?

भाची : नाही.

मामा : तेच म्हणतो.

इथं मी भाचीच्या बाजूनं थोडं बोलतो, कारण ती खरं बोलली आणि म्हणून हरली. खोटं बोलली असती तर मामांनी नारळ बांधून दिला असता. आपल्याकडे भटकण्याला कायम काहीतरी पांघरूण लागतं: यात्रा, लग्न, सोयरिकीची चौकशी, बैल बघायला काष्टीचा शनिवारचा बाजार. आणि त्या पांघरुणाखाली माणसं फिरतातच की! काष्टीच्या बाजारात उभी असलेली निम्मी माणसं बैल घ्यायला आलेली नसतात. ती बैलाच्या दातांकडे बघतात, खांद्यावर हात फिरवतात, रुमालाखाली बोटं धरून चाललेला दुसऱ्याचा सौदा लांबून ओळखायचा प्रयत्न करतात, भजी खातात आणि संध्याकाळी रिकाम्या हातानं घरी येतात. त्यांना कोणी कारण विचारत नाही. त्या माणसाला आणि इंग्लंडातल्या सॉमरसेटमध्ये सायकल भिंतीला लावून चहा पीत बसलेल्या माणसाला मी एकाच जातीचे समजतो. फरक एवढाच, की आपल्याकडे ही चैन पुरुषांना आहे.

भाची : एक सांगू का? 1898 मध्ये इंग्लंडात एक लेडी हार्बर्टन नावाच्या बाई सायकलवरून ऑकमच्या हॉटबॉय हॉटेलात दुपारचं जेवायला गेल्या. त्यांनी सायकलला सोयीची म्हणून विजार घातली होती. मालकिणीनं त्यांना चांगल्या खोलीत बसू दिलं नाही. 1878 च्या त्या क्लबनं कोर्टात केस केली.

मामा : जिंकले?

भाची : हरले.

मामा : (हसून) हितं तुला च्या नक्की मिळंल. पण कपाला दहा प्रश्न येतील. कुणाची तू, कुठं चाललीस, नवरा कुठं हाय, सायकल का, गाडी बिघडली का.

मामी : चहाचं सोडा हो. बाईमाणसानं वाटेत जायचं कुठं, ते सांगा आधी.

यावर दोघंही गप्प झाले. भाचीनं पेट्रोल पंप म्हटलं, देवस्थानाचं भक्तनिवास म्हटलं, आणि मधल्या अंतराचं उत्तर तिच्याकडे नव्हतं. पुण्याची वेदांगी कुलकर्णी 2018 साली वयाच्या विशीत सायकलवरून पृथ्वीला फेरी मारून आली, तेव्हा वर्तमानपत्रांनी किलोमीटर मोजले, दिवस मोजले. अशा बातम्यांत आडोशाचा हिशेब नसतो. ऊस उभा असेल तर तो एक आडोसा, पण त्याच उसात बिबट्या असतो ही भीती आता नगर जिल्ह्यात गावोगाव आहे, आणि ती उगाच नाही.

मामांनी पॅच बसवला, वरून हातोडीनं हलकं ठोकलं. मग बोलले ते चाकाकडे बघत.

मामा : रस्त्यानं जाशील, तो रस्ता कुणी केलाय ठाऊक हाय?

भाची : पीडब्ल्यूडीनं.

मामा : बाहत्तरचा दुष्काळ. मी अकरा वर्सांचा. तुझी आजी खडी फोडायला जायची. मुकादम हजेरी घ्यायचा, ढीग मोजून पैसे. दगड हातात धरून वरनं हातोडी मारायची, तर बोटं फुटायची. मग बोटांना सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे बांधायच्या बाया. मी ते तुकडे कापून द्यायचो. ह्याच धंद्याची पयली कात्री ती. दुपारी सुकडी मिळायची, ती आई पदरात बांधून घरी आणायची, आम्हाला. इकडचे किती रस्ते त्या साली झाले. वरनं डांबर मागनं पडलं. खाली खडी हाय ती बायांनी फोडलेली.

भाची : हे आईनं कधी सांगितलं नाही.

मामा : ती तान्ही व्हती.

इंग्लंडमध्ये मोटारी येण्याच्या आधी चांगल्या रस्त्यांची मागणी सायकलवाल्यांनीच केली होती. 1880 च्या दशकात त्यांनी रस्तेसुधारणेसाठी संघटना काढली, पत्रकं छापली, चांगली खडी कशी टाकावी हे स्थानिक अधिकाऱ्यांना शिकवायला निघाले. तिथं आधी हौस आली आणि हौसेनं रस्ता मागितला. इथं आधी भूक आली आणि भुकेनं रस्ता केला. मामांचा राग सायकलवर नाही. ज्या रस्त्यावर आईची बोटं फुटली, त्याच्यावरून कोणी गंमत म्हणून जावं, हे त्यांच्या घशाखाली उतरत नाही.

भाची : मामा, आजीनं जो रस्ता केला, त्याच्यावरून आजी कधी कुठं गेली? फिरायला म्हणून?

मामा : कुठं जाणार? शेतात आणि घरी. एकदा पंढरपूर. एकदा ससूनला, आजारी व्हती तवा.

भाची : मग तिच्या नातीनं तरी जावं की.

मामा काही बोलले नाहीत. ट्यूब टायरमध्ये सारली, दोन्ही अंगठ्यांनी कड आत ढकलत नेली. शेवटचा वीतभर भाग नेहमी हट्ट करतो. तिथं पट्टी लावली तर ट्यूब चिमटते आणि केलेलं काम परत करावं लागतं, म्हणून तो हातानंच बसवायचा. बसला.

मामा : मेन रोडनं जायचं नाय.

हे मान्य केल्याचं वाक्य होतं की नव्हतं, ते मी वाचणाऱ्यांवर सोडतो. मेन रोड म्हणजे नगर-दौंड. डिसेंबरात कारखान्यांचा गळीत हंगाम भरात असतो. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, ट्रॉलीच्या बाहेर हात-हातभर आलेला ऊस, मागं लाल दिवा असला तर नशीब, आणि ड्रायव्हरच्या कानाशी एवढ्या मोठ्या आवाजात गाणं की मागून येणाऱ्या ट्रकचा हॉर्न त्याला ऐकू जात नाही, मग सायकलच्या घंटीचं काय घेऊन बसलात? ऊसतोडीच्या बैलगाड्या अंधारात त्याच रस्त्यानं. गावाकडची सायकल सुटली ती नुसत्या मोटारसायकलच्या हौसेनं नाही. रस्ता रुंद झाला आणि सायकलला कडेला माती उरली, मातीत काटे, हेही कारण आहे. ते कोणी बोलत नाही, कारण रुंद रस्ता सगळ्यांनाच हवा होता. मलाही.

मामा : तिकडं बरे असतील रस्ते.

भाची : सगळीकडे नाहीत. खेड्यातल्या बारक्या रस्त्यांना दोन्ही बाजूंनी माणसाच्या डोक्याएवढं कुंपण, समोरचं वळण दिसत नाही, आणि कायद्यानं गाडीला ताशी साठ मैलांची मुभा. भीती वाटते. म्हणून मी बहुतेक वेळा कॅनॉलच्या काठानं जाते. बाथपासून केनेट-एव्हन कालव्याची वाट आहे. पूर्वी त्या वाटेनं घोडे दोर लावून होड्या ओढायचे. मग रेल्वे आली, होड्या बसल्या, कालवा मोडकळीस आला. लोकांनी पुढं तो दुरुस्त केला, आणि घोड्यांची वाट चालणाऱ्यांना आणि सायकलींना मिळाली. डिव्हायझेसजवळ कालवा टेकडी चढतो. पाणी अडवायचे 29 दरवाजे आहेत तिथं, त्यातले सोळा एका रांगेत, सरळ उतारावर. मी तिथं डबा खात बसते आणि एक होडी वर चढताना बघते. सगळे दरवाजे पार करायला तिला अर्धा दिवस लागतो.

मामा : दरवाजा उघडला की पाणी खाली जातं?

भाची : हो, दर खेपेला.

मामा : आणि शेताला किती देतात?

भाची : शेताला नाही. होड्यांसाठी आहे तो.

मामा : (पाना खाली ठेवून) म्हणजे एवढा कालवा काढला, दोनशे वर्सं झाली, आणि एक एकर भिजवलं नाय?

भाची : तिथं पाऊस असतो मामा.

मामा : मग कालवा कशाला?

कुकडीच्या पाण्याच्या आवर्तनाची वाट बघत ज्याचं आयुष्य गेलं त्याला हे समजावणं कठीण आहे. डाव्या कालव्याचं पाणी येडगाव धरणापासून निघून पारनेर, श्रीगोंदा, कर्जत करत करमाळ्याकडे जातं. टेलच्या गावांना मिळालं की वरची गावं रागावतात, वरच्यांनी घेतलं की टेलची माणसं तहसीलसमोर बसतात. त्या कालव्याच्या भरावावरून जाणारा रस्ता पाटकऱ्यानं फिरावं, दरवाजे बघावेत, फुटलं तर मुरूम टाकावा यासाठी आहे. तिथं कोणी सायकल घेऊन ‘सहज आलो’ म्हणालं, तर चारीचं दार फोडायला आला असा संशय आधी येईल. आणि तरी, भाचीचं मनातल्या मनात मला पटतं. आवर्तन चालू असताना त्या भरावावरून सकाळी जाऊन बघा. एका हाताला भरून चाललेलं पाणी, दुसऱ्या हाताला खाली लिंबाच्या बागा, तारेवर नीलपंख आणि वेडे राघू, आणि उभ्या अंतरात एकही ट्रक नाही. पलीकडे जिथं पाणी पोचलं नाही तिथं माळ सुरू होतो: हिवर, बोरी, तरवड, गवत. याच माळरानांसाठी 1979 साली माळढोकाचं अभयारण्य झालं, त्यात श्रीगोंदा तालुक्याचाही भाग होता. पक्षी आता दिसत नाही. माळ मात्र पुष्कळ ठिकाणी अजून आहे, आणि मोटारसायकलवरून तो नुसता पिवळा पट्टा दिसतो. चंडोल वर जाऊन गातो, ते इंजिन बंद असलेल्यालाच ऐकू येतं.

मामा : बरं, पेडगावात जाऊन बघणार काय? पडका किल्ला. काटेरी झाडं. पोरं गुरं चारतात.

भाची : लक्ष्मीनारायणाचं देऊळ आहे. बाहेरच्या भिंतीवरच्या मूर्ती बघायच्यात.

मामा : यादवांच्या काळातलं म्हणतात. आमची शाळेची सहल गेलती, मास्तर म्हणाले व्हते. मी हत्तीमोट बघत बसलतो. भीमेचं पाणी हत्ती लावून वर काढायचे, किल्ल्यात. उंचावर बांधकाम केलंय, तिथनं पाणी पाटानं फिरवलंय आत. मी मास्तरांना इचारलं, हत्ती मागं कसा सरायचा? बैल मोटेला मागं सरतो, शिकवलेला असतो. हत्तीला किती जागा लागंल? मास्तर म्हणाले, पुढं चला.

भाची : म्हणजे तुम्हाला थांबायचं होतं.

मामा : थांबायचं व्हतं. एस्टी लागली व्हती.

भाची आता जिंकली, आणि ते तिच्या लक्षात आलं नाही याचं मला बरं वाटतं. पेडगावचा बहादूरगड गाडीनं गेलं की वीस मिनिटांत उरकतो. वेशीतून आत, फलकाजवळ फोटो, संभाजी महाराजांना 1689 मध्ये पकडून औरंगजेबापुढं इथं आणलं होतं त्या जागेपुढं क्षणभर हात जोडणं, परत. लोक त्याला आता धर्मवीरगड म्हणतात आणि तिथं येणाऱ्यांची संख्या वाढली आहे, तेही चांगलंच. 1674 मध्ये मोगल सरदार बहादूरखानाला भलत्या बाजूला पळवून मराठ्यांनी इथला खजिना आणि घोडे नेले, ती गोष्ट सांगणारे वाटाडेही मिळतात. पण हत्ती मागं कसा सरत असेल, हा प्रश्न पडायला त्या बांधकामाच्या सावलीत तासभर बसावं लागतं. शाळकरी मामांना तो पडला होता. त्यांना तासभर मिळाला नाही.

मामा : येताना वारा समोरनं लागंल. थंडीत उत्तरेकडनं असतो. जाताना वाटंल लई सोपं हाय. फसू नको.

भाची : तुम्हाला कसं माहीत? तुम्ही तर फिरायला कधी गेला नाहीत.

मामा : दूध घालायला जायचो की.

त्यांनी चाक फिरवून बघितलं. थोडं आउट होतं. दोन तारा ढिल्या केल्या, समोरच्या दोन आवळल्या, परत फिरवलं. मग ब्रेकची रबरं, चेनला तेल, सीट दोन बोटं वर. एका पिशवीत जादा ट्यूब, सोल्युशन, कानशीचा तुकडा, पंप. त्यांनी ते सगळं कॅरिअरला ट्यूबच्याच पट्टीनं बांधलं.

मामा : शेख महंमद महाराजांच्या समाधीपासनं निघ. सहाला. उन्हाच्या आत पेडगाव गाठ.

भाची : आठला निघते. चहा पिऊन. वाटेत थांबत जायचंय.

मामा : आठला निघून काय मिळणार?

भाची : थांबायला मिळेल.

मामा : सहाला निघालं तरी थांबता येतंच की.

भाची : मग तुम्हीच चला, तुमच्या वेळेनं निघू.

मामी : बघा! म्हणलं व्हतं ना, ह्यांना बोलावू नकोस म्हणून?

भाची : मामी, मी तीनाऐवजी एकच दिवस करते. पेडगावपर्यंत आणि परत. मामा संध्याकाळच्या धारेला घरी. आणि पुढच्या रविवारी तुम्ही आणि मी. सकाळची आणि संध्याकाळची, दोन्ही धारा मामा काढतील.

मामी : मला कुठं येते सायकल? मी कॅरिअरवर बसलेली बाई.

भाची : दोघांची सायकल असते तिकडे. दोन सीट, दोन पायडल, एकामागं एक. तशी पुण्यात मिळते का बघते.

मामा हात पुसता पुसता थांबले.

मामा : मागच्याची चेन कुठं जाते? पुढच्याच्या पायडलला का थेट मागच्या चाकाला?

भाची : पुढच्याच्या पायडलला जोडलेली असते, दोघांचे पाय बरोबरच फिरतात.

मामा : मागच्यानं पाय थांबवले तर पुढच्याला कळतं?

भाची : लगेच.

मामी : मग नको ती. पण रविवार ठरला, तो काय आता मागं घ्यायचा नाही.